निवळून घेतलेली चिकणमाती

मालवण,
३ फेब्रुवारी १९८६

चि. चंदूस, सुगंधाताईचे अनेक आशीर्वाद.

तिसरी नोकरीही सोडलीस म्हणे! पाय कधी टिकणार रे तुझा? गुणाजीमामांबरोबर पाठवलेली चिकणमाती संपत आली. सहावा लागला तरी मातीचे डोहाळे सरत नाहीत, आई रागावते. इथली तांबडी दाताखाली करकरते. आपल्या भांडुपच्या नाल्याकाठची कशी लोण्यासारखी! आणि घाण खात नाही हो मी. पाण्यात कालवते, वाळू तळाला बसली की वरचं गढूळ ओतून घेते, ते निवळलं की गाळ वाळवते. अजून थोडी पाठव.

जीव लावतोस, तसाच लावत राहा.
तुझी ताई

भांडुप,
११ फेब्रुवारी

ती. ताईस, चंदूचा सा. न.

हातातली माती आधी खाली ठेव, मग पुढचं वाच.

मुलुंडला मातीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो आता. तिथल्या मृणालिनीबाई झकास आहेत, चहात आलं घालतात, पण ते नंतर. त्यांनी एका नळीत वाळू, दुसरीत चिकणमाती भरली आणि दोन्हींतून शिसं विरघळवलेलं पाणी सोडलं. वाळूतून शिसं खाली उतरलं, चिकणमातीतून जवळजवळ नुसतं पाणी. मी म्हटलं, मातीने पाणी साफ केलं ना! बाई म्हणाल्या, मग शिसं गेलं कुठे रे? बारीक कणांना चिकटून बसलं.

नाल्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतात, ताई! तुझ्यासाठी बांधलेला दुसरा गोळा बाईंना दिला. पुष्कळ शिसं निघालं. तू टाकतेस ती वाळू, ठेवतेस ते नेमके शिसं धरलेले कण. धुऊन ते जात नाही. पोटातल्या आंबटात सुटतं आणि बाळापर्यंत पोचतं म्हणे. वाट लागली गं. तार करणार होतो, पण तार पाहून आईच धसक्याने खाली बसली असती. डॉक्टर गाठ.

माझ्यावर रुसू नको.
चंदू

मालवण,
१८ फेब्रुवारी

चंदू,

आज मायना राहू दे. डॉक्टर म्हणाले, रक्त मुंबईलाच तपासावं लागेल. अंगात शिरलेलं शिसं अंगही लवकर सोडत नाही. रविवारी आईबरोबर निघते. बाळ हलतं, पण हललं की आता मीच दचकते.

उरलेली माती विहिरीजवळ कशी टाकू? आईने डब्यात कोंबून कुलूप घातलंय, किल्ली तिच्या कनवटीला. बाईंना दाखवायला डबा आणतेय.

एक सांगते, आईला कळवू नकोस. काल डब्यावर पाणी सांडलं, ओला वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं सगळं कळूनसुद्धा रे!

स्टँडवर ये. आमची चौकशी मागून कर, आधी डबा काढून घे.

तुझीच,
ताई