रकाना रिकामाच राहील

सर,

तुमच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. मी घालते. जिवंत असताना तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नाहीत.

अमरावतीला तुमच्या मानसशास्त्राच्या वर्गात मी शेवटच्या वर्षाला होते, आमच्या वस्तीतून तिथवर पोचलेली एकटी. प्रत्येकाने एक लहानसं संशोधन करायचं होतं. बाकीच्यांनी स्मरणशक्ती, परीक्षेची भीती असे विषय घेतले. मी म्हटलं, माणसाला रोज हलकं लेखलं तर त्याच्या शरीराचं काय होतं, ते मला बघायचंय. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. नाही म्हणाला नाहीत, हे मी विसरलेले नाही. उलट सेकंदकाटा असलेलं आपलं मनगटी घड्याळ काढून दिलंत आणि म्हणालात, "नाडी मोज. फक्त निरीक्षकाने मध्ये आपली सावली पडू देऊ नये." सावली पडू नये म्हणणारे आमच्या गावात पुष्कळ होते, पण तुमचा अर्थ वेगळा होता, हे मला कळत होतं.

गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन गेला होता, आम्ही धर्मही बदलला होता, तरी विहिरीला आमच्या बायांनी हात लावायचा नाही. गावातली कोणी येईल, वरून पाणी ओतेल, तोवर बसून राहायचं. मी त्यांच्याजवळ बसते आणि नाडी मोजते. तीच बाई घरी चुलीपुढे बसली की पुन्हा मोजते. विहिरीवर हंडा अजून रिकामा आहे, डोक्यावर ओझं नाही, तरी नाडी पळते. डोकं ठणकतं, पोटात आग पडते, झोप लागत नाही, असं त्या सांगतात आणि वर म्हणतात, "त्याले काय होते, सवय हाय."

तुम्ही तक्ता पाहिलात. म्हणालात, ही उन्हाची नाडी असेल, अर्धपोटी राहण्याची असेल. त्याच विहिरीवर येणाऱ्या गावातल्या मजूर बायांचीही मोज, त्याच उन्हातल्या, तीच भाकर खाणाऱ्या. मुद्दा बरोबर होता. मी गेले. मी हात पुढे केला की त्या आपला हात पदराखाली घेत. एक म्हणाली, "नाडीच पाह्याची न? मंग दुरून पाय. डोये नाहीत काय तुले?" दुसरी हसली, "कॉलेजात जाऊन वैदीण झाली वाटते. तू शिवल्यावर घरी आंघोय कोन करन, तू?" मी एकेकीपुढे लिहीत गेले: हात दिला नाही.

तुमच्या खोलीत तुम्ही तो अर्धा रिकामा तक्ता टेबलावर पसरलात. वर्गातल्या वकिलाच्या मुलीला पाठवतो म्हणालात. "तिला कोणी अडवणार नाही. आकडा कोणीही आणला तरी आकडाच."

"मग मला अडवतात, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"ती तक्रार झाली, संशोधन नव्हे. अकोल्याला असलं वाचायचं नाही."

अकोल्याला वऱ्हाडातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापलं काम वाचणार होते. तिथे तुम्हांला पटेल असं वाचलं तर तुमची शिफारस मिळायची आणि तिच्याशिवाय मला एम.ए.चं दार बंद होतं. हे तुम्हांलाही माहीत होतं, मलाही. माझं नाव यादीतून काढायचं मात्र राहून गेलं. मी बडनेऱ्याला गाडीत बसले. नाव पुकारलं तशी उभी राहिले. तुम्ही पहिल्या रांगेत आहात. मी वाचते आहे: पहिली बाई, हात दिला नाही. दुसरी बाई, हात दिला नाही. मागे कोणीतरी हसतं, मग कोणीच हसत नाही. तुम्ही उठून "पुरे" म्हणालात. हात न दिलेली शेवटची बाई येईपर्यंत मी वाचलं, मगच बसले.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही म्हणालात, "शास्त्राच्या जागी भाषण ठोकलंस." मी घड्याळ परत केलं, तुम्ही ते घेतलंत. शिफारस मिळाली नाही. पुढे अकोल्यातच एका शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. तरी सांगते, त्या मुलीने आणलेले आकडे खरे असते, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं. निरीक्षकाला शरीरच नसतं असं तुम्ही धरून चाललात. ज्याचा हात कोणी झिडकारत नाही, त्याला ते सोपं जातं. माझा रकाना रिकामाच राहील. मी तो कोणाकडूनही भरून घेतला नाही, घेणारही नाही.

हे टपालात टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. गावातल्या त्या बायांपैकीच एका म्हातारीने हात दिला होता. सगळ्या बाया विहिरीवरून गेल्यावर ती मागे थांबली. "धर वो पोरी. मी आता मराले टेकली, मले काय बाटवतं तू?" मी तिचं मनगट धरलं, काट्याकडे पाहिलं आणि मला मोजता आलं नाही. माझ्याच बोटांत इतकं धडधडत होतं, की त्यातली तिची नाडी कोणती ते कळेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकलं. तिने विचारलं, "काय निंगालं वो?"

"चांगली हाय, आजी," मी म्हटलं, आणि तिचा हात आणखी थोडा वेळ धरून ठेवला.