भाजलेली चार वांगी

मनिला,
१४ ऑक्टोबर २०१६, दुपार

प्रिय पिद्योंग,

हे पत्र घेऊन आलेल्या नांदोच्या भाजीच्या टेम्पोत आधी बस. काकांनाही घे. गुमाका गाव मागं पडलं की मगच पुढचं वाच.

बसलास ना? आम्ही दोघी ठीक आहोत. लुसेनाचा पुढचा दात पडला, बोलताना शिट्टी वाजते. काकांच्या वाडीवर राहून तुझं अंग भरलंय असं नांदो परवा म्हणाला, ऐकून बरं वाटलं होतं.

आज दुपारी मोटारसायकलवरून दोघं आले, नशेबाजांना गोळ्या घालत फिरतात तसले. तू गुमाक्याला आहेस हे त्यांना कळलंय. गल्लीतलंच कुणीतरी बोललं असेल. नशा सोडून तुला दोन वर्षं झाली, पण पोलिसांच्या यादीतलं नाव कोण खोडतं?

मी तोर्तांग तालोंग करत होते, वांग्याचं आमलेट. चार लांब वांगी गॅसवर काळी होईतो भाजली, सोलली, देठ न तोडता काट्यानं चेपली. पहिलं अंड्यात बुडवून तेलात सोडलं आणि गाडी दाराशी थांबली. एक जण सरळ गॅसपाशी आला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"वास झकास सुटलाय, ताई. पण चार वांगी? घरात तर दोघीच ना तुम्ही?"

"संध्याकाळचंही आत्ताच करून ठेवते."

"पिद्योंगला फार आवडतं म्हणे."

मी दुसरं वांगं तेलात सोडलं. तेल उडून मनगट भाजलं, तेही मला नंतर कळलं. तो खुर्ची ओढून बसला. "वाढा की!" मी वाढलं, सोबत भात. तो सावकाश जेवत होता. दुसरा दार अडवून उभा.

तेवढ्यात लुसेना मागच्या अंगणातून आत आली. त्यानं तिला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला.

"मामा कुठं असतो गं तुझा?"

पिद्योंग, गल्लीतलं कुणी बोललं नाही. मी बोलले. पोरीनं तोंड उघडायच्या आत मीच गाव सांगितलं, काकांचं नावही सांगितलं. तिच्या डोक्यावरचा तो हात निघावा, बाकी काही सुचत नव्हतं.

त्यानं हात काढला. बशी चाटूनपुसून साफ केली. "मीठ जरा कमी पडलं, ताई," म्हणाला, आणि दोघं निघून गेले.

मी लुसेनाला कडेवर घेऊन मागच्या दारानं नांदोकडं धावले. त्याच्याच ओट्यावर बसून हे लिहितेय, तो गाडी चालू करून उभा आहे. तो त्यांच्या आधी पोचला, तरच तू हे वाचशील.

'माफ कर' असं तीनदा लिहून खोडलं.

कुठं उतरलास ते मला कळवू नकोस. कधीच नको. त्यांनी पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा सांगेन.

तुझीच ताई,
फेलिसा