सातव्या रॅकची प्राणप्रतिष्ठा

१ ऑक्टोबर २००२

आज नव्या नोकरीवर हजर झालो. शाळेने मला ‘अतिरिक्त शिक्षक’ ठरवलं, कारण मुलांना संस्कृतऐवजी जर्मन हवंसं झालं. विश्रांतवाडीच्या या कंपनीला मात्र परदेशी पुरवठादाराशी सभ्य इंग्रजीत भांडणारा माणूस हवा होता. भांडण मी नारायण पेठेत शिकलो, सभ्यपणा व्याकरणाकडून. दोन्ही एकदाचं पगाराला लागलं.

काचेपलीकडच्या थंडगार खोलीत लोखंडी कपाटं उभी आहेत. त्यांना रॅक म्हणायचं. प्रत्येकात चपटी यंत्रं, आणि त्यांत इतर कंपन्यांची सगळी कागदपत्रं साठवलेली. केदार नावाच्या इंजिनिअरने फिरवून दाखवलं. प्रत्येक यंत्राला दोन पॉवर सप्लाय. एक गेला तरी दुसरा सांभाळून घेतो. मी म्हणालो, म्हणजे इडा आणि पिंगळा, डावी-उजवी नाकपुडी. तो म्हणाला, गुरुजी, हे कस्टमरला नका सांगू हं. पहिल्याच दिवशी बारसं झालं: गुरुजी.

९ ऑक्टोबर

सातव्या रॅकमधलं एक यंत्र वीज असताना मरतं. केदारची शोधायची रीत मला आवडली, अगदी न्यायशास्त्र. वायर बदलली, मेलं. सॉकेट बदललं, मेलं. मग दोन्ही सप्लायची अदलाबदल केली. दोष सप्लायचा असता तर त्याच्याबरोबर सरकला असता. जागेचा असता तर जागेवर राहिला असता. दोष दोन्हीपैकी काहीच करीना. केदार म्हणाला, गुरुजी, हे यंत्र नाही, सरकारी कचेरी आहे, मनात येईल तेव्हा उघडते. शर्मिला मॅडम आमच्या साहेब. त्या म्हणाल्या, विनोद झाला असेल तर पुरवठादाराला लिहा. दसऱ्यानंतर हे चालू दिसलं नाही, तर तुम्ही दोघंही दिसणार नाही.

यंत्र बदलून मागणारं पत्र लिहिलं. फारच आर्जवी झालं.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रपूजा. मॅडमच्या घरी बुद्धवंदना. पण त्यांनी हरकत घेतली नाही. हळदकुंकू यंत्राच्या जाळीत जाऊ देऊ नका, एवढंच म्हणाल्या. इथे आल्यापासून ऐकलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य.

सातव्यातलं यंत्र मेलेलंच होतं. केदार म्हणाला, गुरुजी, एखादा मंत्र टाका की, गॅरंटीवाला. मी गमतीने यंत्रावर हात ठेवला आणि मूर्तीत घालतात तसे त्यात प्राण घातले. प्राणप्रतिष्ठेचा सबंध मंत्र, आणि उच्चार शुद्ध; गमतीतसुद्धा अशुद्ध म्हणणं मला जमत नाही. दोन्ही सप्लायचे हिरवे दिवे लागले. टाळ्या, पेढे, मॅडमचं चक्क हसू.

घरी सांगितलं, तर पद्मजा हसली नाही. म्हणाली, अहो, घालणारा प्राण आणतो कुठून? मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे स्वतःतलेच. ती म्हणाली, मग?

१७ ऑक्टोबर

यंत्र उत्तम चाललंय. मला जिना चढवत नाही.

केदारने तपासणीसाठी डावी वायर काढली, आणि माझी डावी नाकपुडी बंद झाली. लावली, मोकळी. उजवी काढली, उजवी बंद. योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. मग त्याने दोन्ही काढल्या. यंत्र थांबलं नाही. दिवे हिरवेच. मी मात्र भिंतीला टेकून खाली बसलो, मासा पाटीत पडावा तसा.

केदारने घाईघाईने वायरी लावल्या. तो आता मला गुरुजी म्हणताना हसत नाही.

१९ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ. केदारने धीर करून मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गुरुजींना रजा द्या, आणि यंत्राला कोणी हात लावू नका, चालतंय ना?

चालतंय. माझ्यावर.

२१ ऑक्टोबर

पुरवठादाराचं उत्तर. विनंती मान्य. परवा नवं यंत्र येणार, जुनं भंगारात. माझ्याच इंग्रजीचा पराक्रम.

माझे प्राण आत असताना भंगारात— नको. त्याआधी विसर्जन केलं पाहिजे. घातलेले प्राण काढायचे तर तेवढाच मार्ग. पद्मजा बजावते, शब्द न् शब्द म्हणा, अहो. पण विसर्जनाचा शेवट ‘पुनरागमनाय च’. पुन्हा येण्यासाठी. म्हणजे त्यांना परत त्या डब्यात बोलवायचं? छे. ते शब्द गाळणार.

तिला सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, दुपार

सातव्यासमोर बसलोय. केदार शेजारी. नवं यंत्र दारात, खोक्यात. दोन वाक्यांत धाप—

वायरी काढल्या. दिवे हिरवेच. विसर्जन म्हटलं. शेवट गाळून.

दिवे गेले. दोन्ही. केदार ओरडला, गुरुजी, सुटलात!

छाती उचलतोय, आत काही येत नाही. आवाजही नाही, म्हणून लिहितोय. प्राण तिथून निघाले— इकडे आले नाहीत.

चुकलो. जन्मभर चतुर्थी विभक्ती शिकवली आणि— ‘पुन्हा या’, ते डब्यात नव्हे. माझ्याकडे. परत यायचं होतं ते माझ्या—

केदार, हे वाच. मोठ्याने. तूच म्हण. पुनराग—