आधीचीच काच बरी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे). तुझ्या गुडघ्याची सूज आणि भाऊजींचा पारा, दोन्ही एव्हाना उतरले असतील.

मी आपल्या चष्म्याच्या दुकानातून फेसबुकवर माझा सेल्फी टाकला, तो तू पाहिलासच. या वयात हे थेर कशाला, असं भाऊजी म्हणाले असतील. अगं, तुझी भावजय होती तोवर दाराबाहेर पडताना 'तो शर्ट बदला, बुजगावणं दिसताय' हे रोज ऐकायला मिळायचं. ती गेल्यापासून मी कसा दिसतो ते सांगणारं घरात कुणी उरलं नाही. म्हटलं, जगाला विचारून बघू. जग मोठं चौकस निघालं! एकाने फ्रेमची किंमत विचारली, दुसऱ्याने दुकान रविवारी उघडं असतं का ते, तर तिसऱ्याने मागच्या पंख्याची चौकशी केली (पंखा बंद आहे). मधला चेहरा कुणालाच दिसला नाही. त्यात धाकट्या साडूंनी नुसते जोडलेले हात टाकले, ते बघून दोघांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मी आपलं खाली 'आभारी आहे' लिहिलं.

जेवण गोड लागेना. शेवटी डोळे तपासायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना जवळच्या अक्षरांच्या तक्त्याऐवजी त्यांच्याच मोबाइलवर माझा फोटो दाखवू लागलो. स्पष्ट दिसतंय? मग दाबा तो खालचा अंगठा! अंगठे भराभर वाढले, तसा मीही फुलत गेलो. दुकानात चक्क शीळ घालू लागलो. मग एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. मी एकेक काच बदलत गेलो, तसतसा बाईंचा चेहरा पडत गेला. शेवटी म्हणाल्या, "आधीचीच काच बरी होती हो. हिच्यातून फारच स्वच्छ दिसतंय."

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पण आता मला अंगठ्यांचं काही वाटत नाही. मी त्यातून पूर्ण बाहेर आलो आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. फोटोला आणखी कुणाचा अंगठा आलाय का, ते तुझ्या फोनवर जरा बघ. इथे रेंज नाही.

आणखी एक ता. क. राहू दे, बघू नकोस. रेंज आली, तसा फोटो मी आत्ताच काढून टाकला. तू अंगठा दिला नव्हतास, नुसतं 'किती वाळलास रे' एवढंच लिहिलं होतंस. ते वाचून समोर गिऱ्हाईक असताना मला रडू आलं. ताई, चार दिवस राहायला ये, आणि समोर बसून मला नावं ठेव.