मामेभावाचं चिलखत

९ जानेवारी
आजपासून रोजनिशी. चिलखत करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवायलाच हव्यात, पुढे अभ्यासकांना लागतात. तर पहिली नोंद: लागणाऱ्या पोलादी पट्ट्या ७२०. तयार १६३. सुरुवात चार वर्षांपूर्वी.

काही जण म्हणतील, वेग कमी आहे. त्यांना काय माहीत? एकेका पट्टीला आठ भोकं, भोकांतून चामड्याची वादी ओवून पट्टीला पट्टी बांधायची. आमच्या जुन्या कझाक घोडेस्वारांचं चिलखत असंच असायचं. आणि मी प्रत्येक भोक माझ्या दातांच्या ड्रिलने पाडतो. मी डेंटल टेक्निशियन आहे. गावातल्या निम्म्या कवळ्या माझ्या हातच्या. अचूकपणा अंगात मुरलेला आहे.

बाल्कनीत उणे एकोणीस. ऐरणीच्या डोक्यावर बायकोने, कुल्याशने, घोड्याच्या मांसाचे काझी, म्हणजे जाडजूड सॉसेज टांगलेत. तिला म्हटलं, हे वर्कशॉप आहे. म्हणाली, हा माझा फ्रीज आहे, तुमच्या ऐरणीच्या आधीपासून.

१७ जानेवारी, दुपार
नेटवर झोमार्तचा फोटो आला. झोमार्त म्हणजे माझा मामेभाऊ, काकिम मामांचा धाकटा. वय अडतीस. घरोघरी बॉयलर दुरुस्त करत फिरतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या बाल्कनीत चहा पीत बसला होता. एक पट्टी हातात घेऊन म्हणाला, दादा, भारी आहे हे, मीपण करून बघू का? मी म्हटलं, बघ की. मला काय माहीत हा खरंच करून बघेल.

फोटोत अख्खं चिलखत. सगळ्या पट्ट्या. सात महिन्यांत. भोकं मशीनने ठोकून पाडलेली, म्हणजे अडाणी काम. तरी दोनशे चौदा लोकांनी अंगठे दिलेत. मीही दिला. मग काढून घेतला. मग वाटलं, काढलेला कळला असेल, म्हणून परत दिला.

मी जळत वगैरे नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

२ फेब्रुवारी
आज मोठी बातमी. म्युझियमच्या रौझा बाई दातांच्या ब्रिजचं माप द्यायला आल्या होत्या. मे महिन्यात नवा हॉल उघडतोय. मधोमध काचेच्या पेटीत एक चिलखत, फक्त एकच, आणि खाली पितळी पाटीवर कारागिराचं नाव. तोंडात मापाचा साचा असल्यामुळे बाकीचं नीट कळलं नाही. साचा काढल्यावर पहिलं वाक्य काय, तर तुमच्या भावाचा फोटो पाहिला, सुंदर आहे.

मी शांतपणे सांगितलं की माझं एक तारखेपर्यंत होईल, मेच्या.

तीस वर्षं लोकांच्या तोंडात माझं काम आहे आणि त्यातल्या एकावरही माझं नाव नाही. शाबासकी डॉक्टरला. लोक हसतात माझ्या दातांनी आणि आभार मानतात त्याचे. ती पाटी मला हवी आहे. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

संकल्प: रोज आठ पट्ट्या. रविवारी बारा.

३ फेब्रुवारी
शून्य. खालच्या मजल्यावरच्या निना बाईंनी ठोकाठोकी बंद करा म्हणून हीटरचा पाइप बडवला. अशा वातावरणात काम होत नसतं.

४ फेब्रुवारी
दोन. एक वाकडी.

११ फेब्रुवारी
आठवडाभर रिसर्च. एक रशियन प्रबंध सापडला, शहाऐंशी पानं, आकृत्यांसकट. आकृत्या छापून घेतल्या. रिसर्च हेही कामच आहे, त्यामुळे हा आठवडा छप्पन्न पट्ट्यांचा धरायला हरकत नाही.

झोमार्तने असली एक ओळ तरी वाचली असेल का?

१ मार्च
मामांकडे जेवायला. टीव्ही भिंतीशी सरकवलाय आणि त्याच्या जागी स्टँडवर झोमार्तचं चिलखत. येणारा प्रत्येक जण आधी त्याला हात लावतो, मग मामांना सलाम करतो. मामा एक्याऐंशी वर्षांचे, पण डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. मला म्हणाले, भाच्या, तूच शिकवलंस म्हणे याला. मग तुझं कुठाय?

सगळे हसले. झोमार्त हसला नाही. उलट सगळ्यांना सांगत बसला, दादांमुळेच सुचलं मला, खरे जाणकार तेच. चारचौघांत असा मोठेपणा मिरवणारी माणसं मला आवडत नाहीत.

येताना कुल्याश म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय त्याचं बघून. म्हटलं, पोट ठणठणीत आहे. एवढं मात्र खरं: ते चिलखत खिडकीच्या उजेडात इतकं छान दिसत होतं की मला मटण गिळवेना.

१९ मार्च
पट्ट्या १८१. उरलेले दिवस ४३. हिशोब केला नाही, कारण गणिताने उमेद खचते.

त्यापेक्षा एक विचार सुचलाय. आम्हा कझाकांत भाच्याचा हक्क असतो. बहिणीच्या मुलाने आजोळी आयुष्यात तीनदा काहीही मागावं, आजोळाने नाही म्हणायचं नाही. भाच्याला दुखावलं की दुखावणाऱ्याचे हात थरथरायला लागतात, असं सगळे मानतात. माझं दोनदा मागून झालंय. नवव्या वर्षी शिंगरू, तेविसाव्या वर्षी मामांचा कातडी कोट. तिसरी मागणी एकोणतीस वर्षं जपून ठेवली आहे.

चिलखत मागितलं तर? सूड म्हणून नाही. अभ्यासासाठी. शिवाय त्या दिवाणखान्यात सूप सांडतं, मुलं खेळतात. सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

२२ मार्च, नौरिझ
मागितलं.

सगळं घर भरलेलं होतं. नव्या वर्षाचं सूप वाढून झालं होतं. मी उठून म्हणालो, मामा, भाच्याची तिसरी मागणी आहे. सगळे खूश, टाळ्या वगैरे. मामा म्हणाले, माग, आता माझ्याकडे कवळीशिवाय काय राहिलंय, तीही तूच केलेली. मी बोट दाखवलं.

झोमार्तची बायको वाटी ठेवून आत गेली. मामा झोमार्तकडे पाहत होते, झोमार्त चिलखताकडे. मग तो हसला, म्हणाला, दादांनी मागितलं म्हणजे संपलं. स्वतः काढलं, रजईत गुंडाळलं, चार जिने उतरून माझ्या गाडीत ठेवलं. परत वर गेला आणि शिरस्त्राण घेऊन आला. म्हणे, अर्धवट द्यायचं नसतं.

खरं तर मला आता हलकं वाटायला हवं होतं. पण निघताना दारात, जिन्यात, अंगणात सगळीकडे एकच: काय दिलदार आहे हो झोमार्त. मागणाऱ्याचं कोणी नाव काढलं नाही. हक्क काय आपोआप बजावला जातो?

कुल्याश गाडीत बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. ते इथे लिहीत नाही.

२५ मार्च
अंगात घालून पाहिलं. डाव्या बगलेखाली चार बोटं अंतर राहतं. मापं चुकली आहेत त्याची.

जेवायचं टेबल चिलखताने व्यापलंय. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो.

३ एप्रिल
पकडला. प्रबंधातली आकृती एक्केचाळीस. पट्ट्यांच्या वरच्या ओळीने खालच्या ओळीवर यायला हवं. झोमार्तची खालची ओळ वरच्या ओळीवर चढलेली आहे. सगळीकडे. अख्खं चिलखत उलटं. आणि दोनशे चौदा लोकांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये.

दिवसभर इतका आनंदात होतो की निना बाईंना जिन्यात नमस्कार केला.

निर्णय: सगळ्या वाद्या सोडवायच्या आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने पुन्हा बांधायचं. मग ते चिलखत कोणाचं? बांधणाऱ्याचं. पट्ट्या काय, कोणीही कापतो. म्युझियमच्या पाटीवर माझं नाव येणं हे मग सरळ सत्यच होईल.

६ एप्रिल
सोडवलं. फार सोपं गेलं, कात्रीने. ७२० पट्ट्या सतरंजीवर. कुल्याशने विचारलं, नंबर टाकले होते का? म्हटलं, ही नजर दातांत तयार झालेली आहे, सुळा आणि दाढ मला नंबराशिवाय कळतात.

९ एप्रिल
पट्ट्या सगळ्या सारख्या दिसतात. तशा त्या नाहीत. काही अर्ध्या बोटाने लांब, काही किंचित बाकदार, काही खाली निमुळत्या. निदान सात प्रकार असावेत. किंवा नऊ.

१४ एप्रिल
प्रबंध, पान अठ्ठावन्न, तळटीप: आकृती एक्केचाळीस चिलखताच्या आतल्या बाजूची आहे.

म्हणजे झोमार्तचं बरोबर होतं. अशी गोष्ट आकृतीखालीच छापायला हवी. बेजबाबदार लोक.

१८ एप्रिल
तीन ओळी बांधल्या. आतल्या बाजूला वळून त्यांचं घमेलं झालं. रौझा बाईंचा फोन आला, तयार आहे का? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय.

२० एप्रिल
कुल्याशने माझ्या पाठीमागे झोमार्तला फोन केला. तीस वर्षांच्या संसारात एवढा विश्वासघात नाही. तो संध्याकाळी सरळ कामावरून आला, हाताला बॉयलरची काजळी, खांद्यावर नव्या वाद्यांचं भेंडोळं. सतरंजीकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. तो मला बोलायला हवा होता. तो म्हणाला, वहिनी, चहा टाका, दादा, तुम्ही पट्ट्या द्यायला बसा.

२४ एप्रिल
रोज सहा ते नऊ. मी पट्ट्या देतो, तो बांधतो. मी दिलेल्यांतल्या निम्म्या तो बाजूला ठेवतो आणि ढिगात हात घालून हवी ती काढतो, न बघता. मी विचारलं, कळतं कसं? म्हणाला, आब्बांचं अंग आहे ना ते.

मग हळूहळू कळलं. मामांचा पलटणीतला जुना कोट होता, त्याच्या मापाने त्याने ओळी कापल्या होत्या. कमरेला निमुळत्या, उजव्या खांद्याला जरा लांब, कारण मामांचा तो खांदा खाली आहे. नौरिझला जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर मामांच्या अंगावर चढवायचं ठरलं होतं. मामांनी त्यासाठी सकाळी दाढी करून घेतली होती.

मला कोणी सांगितलं नव्हतं.

मला माझी लाज वाटली. खरीखुरी वाटली, बराच वेळ. मी म्हटलं, घेऊन जा परत. तो म्हणाला, भाच्याला दिलेलं परत घेतलं तर आब्बा जेवायचे नाहीत. म्युझियमला देऊन टाका दादा, तिथे जाऊन पाहता येईल त्यांना. वादी दातात धरून तो गाठ मारत होता आणि मी पाहत होतो की गाठी किती सारख्या येताहेत. लाज तिथपर्यंतच टिकली. त्यानंतर पुन्हा ते जुनंच वाटू लागलं.

२७ एप्रिल
पूर्ण. माझ्या १८१ पट्ट्यांपैकी एखादी कुठे बसवता येईल का, म्हणून विचारलं. झोमार्तने दोन-तीन लावून पाहिल्या. म्हणाला, तुमच्या फार चांगल्या आहेत दादा, वेगळ्या दिसतील.

पाटीचा विषय मीच काढला. मोठ्या मनाने सांगितलं की दोघांची नावं घालूया. तो म्हणाला, मी बोलतो रौझा बाईंशी.

३० एप्रिल
चिलखत पोचवलं. झोमार्त ऑफिसात बाईंना हकीकत सांगत होता. मी हॉलमध्ये दिव्याचा कोन कसा असावा ते इलेक्ट्रिशियनला समजावत होतो. पाटीवरचा मजकूर तपासायचा राहून गेला, पण तपासायचं काय त्यात. दोन नावं.

१८ मे
उद्घाटन. नवा सूट. खूप गर्दी.

पाटी अशी आहे: कारागीर झोमार्त काकिमउली (काकिमचा मुलगा). त्याखाली बारीक अक्षरात: हे चिलखत कारागिराने वडिलांसाठी घडवलं. घराण्याच्या भाच्याने ते हक्काने मागितलं, आणि परंपरेला स्मरून त्याच क्षणी देण्यात आलं.

रौझा बाईंना कोपऱ्यात गाठलं. नव्या ब्रिजने छान हसत म्हणाल्या, नाव मी घालणार होते हो तुमचं. झोमार्तच नको म्हणाला. दादांना चारचौघांत ओशाळं वाटेल, एवढंच म्हणाला.

मामा काचेवर हात टेकवून उभे होते. झोमार्तने त्यांना खुर्ची आणून दिली, ते बसले नाहीत. मी मातीच्या भांड्यांच्या हॉलमध्ये गेलो. तिथे कोणी नव्हतं.

परत आलो तेव्हा गाइड म्हाताऱ्या बायकांच्या एका घोळक्याला पाटीवरची गोष्ट सांगत होती. गोष्ट लोकांना फार आवडत होती, सांगताना गाइडचेही डोळे भरून येत होते. एका म्हातारीने विचारलं, आणि तो भाचा? तो काय करायचा? गाइड म्हणाली, त्याची काही माहिती नाही. म्हातारी म्हणाली, असेल कोणीतरी हावरट.

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिचे वरचे दात माझ्या हातचे आहेत.

घरी आलो. कुल्याशला यायचं नव्हतं, ती आली नव्हती. तिने विचारलं, आलं का नाव पाटीवर? म्हटलं, उल्लेख आहे.