जावयाला बाकावर बसवता येत नाही

३ डिसेंबर १९८८, असोदा
व्हॉलीबॉलची मॅच परत हरलो. नशिराबादवाल्यांनी प्रल्हादचा एकेक स्मॅश नेटवरच अडवला. मी बॉल उचलून देतो, तो जीव तोडून मारतो, आणि समोर त्या दोन लंबूंचे हात. उंचीच नाही बिचाऱ्याला. शाळेपासूनचा दोस्त माझा, कधी प्रॅक्टिस चुकवली नाही, पण...
नेट गुंडाळताना आबा म्हणाले, "वसंता, यावलच्या टूर्नामेंटले उंच माणूस आणावा लागीन." टीम आबांनीच उभी केलेली, म्हणून मान डोलावली. तर पुढे म्हणतात, "धुळ्याले तुझे दाजी बसेलच हायेत की!"
झोप उडवली म्हाताऱ्याने.

५ डिसेंबर
फर्स्ट शिफ्ट. मशीनवर हात, डोक्यात दाजी. भागवत दाजी, आमच्या मंदाचे यजमान. छत्तिशी उलटली. एके काळी लोक म्हणायचे, हा महाराष्ट्राकडून खेळणार. कुठलं काय! फायनल आली की यांचे पाय जमिनीला चिकटतात. धुळ्यातल्या तीन टीमांनी घेतलं, तिन्हींनी सोडलं. असा माणूस घ्यायचा कशाला? आणि घेतला तर प्रल्हाद बाहेर. सहाच तर खेळतात.
वर आणि जावई!

८ डिसेंबर
धुळ्याला जाऊन आलो. नुसतं बघायला चाललोय, असं स्वतःला सांगितलं. दाजी खाटेवर आडवे. रेडिओ चालू, लक्ष नाही.
मंदा चहा गाळता गाळता हळूच, "दादा, टीमने काढल्यापासून असेच पडून असतात. कामावरून आले की भिंतीकडे तोंड. घे ना त्यांना." मी कप उचलला, तर पुढे म्हणते, "पण घेतलंस तर खेळव हं. बाकावर बसवलंस तर सासरचे सगळे मलाच बोलतील, भावाने पाणउतारा केला म्हणून."
म्हणजे झालं कल्याण. घ्यायचं तर खेळवायचंच.
निघताना दाजींना बोलून बसलो, "रविवारी या की सहज." गप्प बसवत नाही मला, काय करू.

११ डिसेंबर, रविवार
दाजी आले. आणि काय तमाशा झाला!
आधी आबांच्या मळ्यात भरीत-पुरी. गावाचे जावई, म्हणून आग्रह करकरून वाढलं. माणसाला उठून उभं राहवेना, उडणार कसला. मैदानावर तीच तऱ्हा. प्रत्येक बॉल, "घ्या दाजी, घ्या." प्रल्हादसुद्धा मागे सरकतोय. नेटमध्ये मारला तरी "वा दाजी!" शेवटी दाजीच वैतागले, "बठ्ठा बॉल मन्हाकडेच का टाकतस?"
मग मी एक सुंदर उंच बॉल उचलून दिला. दाजी उभेच. हाताने नुसता ढकलला पलीकडे.
डोकं फिरलं. ओरडलो, "ए भागवत! उडायचं नसेल तर बाजूला हो! लाज वाटत नाही का?"
दाजींनी चपला घातल्या, एस्टी गाठली.

१२ डिसेंबर
आई बोलत नाही. ताट आदळून गेली. तिचं एकच, "जावयाला अरेतुरे? मंदाला काय भोगावं लागेल तिकडे?"
बरोबर आहे तिचं. पण तो बॉल... अरे, उडायचं होतं ना!
कामात लक्ष नाही. फोरमन बोलला. बोलू दे.

१४ डिसेंबर
राहवेना. धुळ्याला गेलो. मंदा दारातच, "काय रे बोललास त्यांना? परवापासून अंगणात उड्या मारतायत. शेजारीपाजारी हसतायत."
दाजी घामाघूम. गुडघा सुजलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं.
"राहू दे. इतला वरीस मन्हावर कोणी वरडनंच नही. बठ्ठा नुसता वा वा करतस." दम खाल्ला. "यावलला बॉल नेटमध्ये गया, तर परत वरडशी का?"
"ओरडेन."
"मंग येस मी."
उडी मात्र बघितली. पूर्वीच्या निम्मीही नाही. मंदाने मला पोहोचवताना पिशवीत लाडू घातले. किती दिवसांनी हसत होती. सांगू कसं तिला?

१७ डिसेंबर
प्रल्हादला सांगायला त्याच्या मळ्यात गेलो. केळी कापत होता. मी नुसते घड मोजत बसलो. तोच म्हणाला, "उद्या यावलला किती वाजता निघायचं?" सांगितलं, पहिल्या एस्टीने. आणि आलो परत. भित्रट कुठचा मी!

१८ डिसेंबर, यावल
मैदानाच्या कडेलाच लिहितोय. आधीची मॅच संपत आली, मग आमची. आबा म्हणाले, "दोघांतला कोण, तूच ठरव," आणि चहाला निघून गेले. वा रे वा.
मंदा आलीय. आईही. बायकांच्यात बसल्यात, इकडेच डोळे.
दाजींनी दोनदा उडी मारून पाहिली. एकदा जमली. खरंच, कोपरापर्यंत हात नेटच्या वर. दुसऱ्यांदा कळवळून खाली बसले. आता प्रल्हाद त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधतोय. सैल झाली, सोडून परत बांधतोय. विचारतोय, "दाजी, आवळत तर नाही ना?"
हा माणूस माझ्याशी भांडत का नाही? कडाकडा भांडला असता, तर मला सोपं गेलं असतं.
शिट्टी झाली. दोघंही उठून उभे राहिलेत.