दाराच्या रबराखालचे ठिपके

अब्बा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तुम्ही नाही आहात. असलं वाक्य लेकीनं बापाला लिहू नये. पण लिहिलं, आता खोडत नाही. घरात आपण दखनी बोलायचो, पण गाडीचं काही असलं की तुम्ही मराठीवर यायचात, म्हणून हेही मराठीतच लिहिते. हे गाडीचंच आहे.

केडगावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी आपल्या दारात यायचा. तुम्ही ऑईलचे हात पुसत बाहेर येता आणि पहिला सवाल करता, "गाडी सर्व्हिसिंगला कुठं जात होती?" समोरचा डोकं खाजवतो. "अरे भल्या माणसा, पोरीचं स्थळ बघताना चार घरी चौकशी करतोस ना? मग हिची पण कर की!" मग त्या गॅरेजात जाऊन जुनी जॉबकार्डं, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी, काढायला लावायची. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून कॉलेजातून आले की मला सोबत न्यायचात. मी वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. कागद झाले की गाडी. मागच्या दाराच्या चौकटीवरचं रबर तुम्ही अलगद ओढायचात आणि खालचे वेल्डिंगचे ठिपके मला दाखवायचात. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. तसे नसले, तर गाडी कापून जोडलेली. आणि सगळ्यात शेवटी विकणाऱ्याला तो एक प्रश्न, "ह्या गाडीत स्वतःची लेकरं बसवून करंजी घाट उतराल का?" जो गाडीकडे न बघता हो म्हणायचा, त्याची गाडी घ्या म्हणायचात. मग चहा. चहाशिवाय तुम्ही कुणाचं काही घेतलं नाहीत.

भिंगारची ती दुपार तुम्ही विसरला नसाल. गाडी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची होती आणि जॉबकार्डावर एक ओळ होती, पुढून धडक, पत्रा बदलला. मी ती ओळ गाळून पुढचं वाचलं. मैत्रीण दारात उभी होती ना! तुम्ही गाडीपाशी गेलात, पुढच्या दाराचं रबर ओढलंत, बोटं फिरवलीत आणि "नको" एवढंच म्हणालात. घरी आल्यावर मी कांदा चिरायला बसले. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिलात. "गाडी खोटं बोलत नाही, बेटा. माणूस बोलतो. आज तू बोललीस." मारलं असतंत तर बरं झालं असतं. पुढचे दोन महिने तुम्ही मला सोबत नेलं नाहीत. शेजारच्या पोराकडून वाचून घेत होतात, तेही अडखळत वाचणाऱ्या.

आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी विळद घाटात माझ्या गाडीला मागून ट्रकनं ठोकलं. मला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीचा मागचा भाग चेपून पार पुढच्या सीटपर्यंत आला. विम्याची मुदत संपलेली, त्यामुळे ना क्लेम, ना कुठे नोंद. डेंटिंगवाल्यानं दुसऱ्या मोडीत गेलेल्या गाडीचा मागचा अर्धा भाग आणून माझ्या गाडीला जोडला. जोड बरोबर मागच्या सीटखाली. इथवर माझी चूक नाही असं म्हणू. पण रंग द्यायच्या आधी मी त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "रबराखाली ठिपके पाड. सारख्या अंतरावर." तो हसला. "मॅडम, हे तर कुणी बघत पण नाही." मी म्हणाले, "नगरमध्ये बघणारे आहेत." तुम्ही तयार केलेले, अब्बा. तुम्ही जे पकडायला शिकवलंत तेच मी लपवायला वापरलं. कुंपणानंच शेत खाल्लं. आणि त्या दिवसापासून माझ्या मुलीला मी त्या गाडीत कधी बसवलं नाही. तिला एसटीचा पास काढून दिला. गर्दीत उभं राहायची सवय पाहिजे, असं तिला शिकवलं, वर मोठी शहाणी आई म्हणून मिरवले.

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या नव्या सरांनी ती गाडी घेतली. राहुरीकडचे आहेत, सरळ माणूस. मोबाईलवर त्यांनी गाडीचं सगळं तपासलं, सर्व्हिसिंगचा इतिहास काढला, अगदी तुमच्यासारखी चौकशी केली. कागद स्वच्छ. असणारच. मग गाडी बघायला बायको, दोन पोरं आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन घरी आले. सर रबराला हात घालणार, तोच म्हातारबाबांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे रं. ह्यांच्या बापानं मला एकदा वाचिवलं हाय. चकचकीत गाडी हुती, मी तर सौदाच करून बसल्तो. त्यांनी नको म्हनलं म्हून सोडली. त्यांच्या घरची गाडी बघायची म्हंजी त्या मानसाचा अपमान हाय." मग माझ्याकडे वळून हसले. "पर मास्तरीनबाई, त्यांचा सवाल तेवढा इचारतो. लेकरं बसवून करंजी घाट उतराल का?"

"उतरेन की," मी म्हणाले. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

केलेले ठिपकेसुद्धा कुणी पाहिले नाहीत, अब्बा. तुमचं नाव पुरलं. सरांनी रबर ओढलं असतं आणि ते फसले असते, तर निदान माझी चलाखी म्हणता आली असती. आता तेही नाही. तुम्ही आयुष्यभर एकेका गाडीला खरं बोलून जे मिळवलंत, ते मी एका दुपारी विकून खाल्लं. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. महिनाभर वाटतेच आहे, आणि महिनाभर मी शाळेच्या फाटकात ती गाडी बघून सरांना "कशी चाललीय?" विचारते. "एक नंबर, मॅडम." मग मी वर्गावर जाते.

आज शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर सर म्हणाले, "उद्या मोहट्याला देवीला चाललोय, सगळे. तुम्ही पण चला मुलीला घेऊन. बाबा म्हणतात, मॅडमना त्यांच्याच गाडीतून घाट दाखवू." मोहट्याची वाट करंजी घाटातूनच जाते, तुम्हाला सांगायला नको. पोरं मागच्या सीटवर बसणार. मी म्हणाले, "मुलीला ताप आहे हो." मुलगी तेव्हा तिच्या शाळेच्या ग्राउंडवर खो-खो खेळत होती. खोटं किती लगेच आलं तोंडात! जणू तयारच होतं.

घरी आले, जेवले नाही, वही घेऊन बसले. हे पत्र कुठे टाकणार? कब्रस्तानात जाऊन वाचून दाखवायचीही माझी हिंमत नाही. सरांना सांगितलं तर गाडी परत येईल, शाळेत तोंड दाखवायची सोय राहणार नाही, आणि म्हातारबाबा तुमचं नाव घेताना इथून पुढे थांबतील. तेच सगळ्यात जड जातंय. तरी सांगणार आहे. वही मिटली की फोन लावणार आहे.

आता चार वाजत आलेत. एक कबूल करते, अब्बा. फोन दोन वाजल्यापासून माझ्या मांडीवर आहे. तुम्हाला लिहिणं त्यांना सांगण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.